येत्या भांगात

त्या रविवारी टेबलावर दोनशे चौदा पुतळे होते. दिलीपच्या फिरंगी फौजेचे ब्याण्णव, नंदकुमारांच्या स्वारीचे अडुसष्ट आणि हिरामणच्या टोळीचे चोपन्न. शिवाय अकरा होड्या, पाच तोफा, चार घरं, काथ्याचं केलेलं तिवरांचं रान आणि पुठ्ठ्याची एक चौकी. चौकीला चार बुरूज आणि एक फाटक. एक पुतळा म्हणजे दहा माणसं. टेबल सोसायटीच्या हॉलमधलं, टेबल टेनिसचं, नऊ फूट बाय पाच फूट. जाळी काढून ठेवली की त्यावर ठाण्याची खाडी बरोबर मावायची.

आमचा नियम असा होता की मोहिमेतला प्रत्येक पंधरवडा सुरू होताना सगळे पुतळे मांडून मोजायचे आणि मग आपापल्या खोक्यात परत ठेवायचे. समोरच्याची संख्या कळली तरी चालेल, जागा कळता कामा नये. कोणाची फौज कुठे आहे हे फक्त पंचाला माहीत. पंच मी होते.

हे १९८४ साल. मी एम.एस्सी. होऊन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते आणि वाशीला आईवडिलांबरोबर राहत होते. खेळाची सुरुवात दोन वर्षांपूर्वी दिवाळीत झाली. बिल्डिंगमधल्या मुलांनी जिन्याखाली किल्ला केला होता. दुसऱ्या मजल्यावरचा दिलीप, हा एका कंपनीत ड्राफ्ट्समन, ऑफिसातून येता येता थांबला आणि म्हणाला की दरवाजासमोर इतके मावळे उभे केले तर एका तोफेत सगळे जातील. तळमजल्यावरचे नंदकुमार काका म्हणाले की तोफ तिथपर्यंत चढवणार कोण, तुझा बाप? मुलं जेवायला घरी गेली तरी हे दोघं तिथेच होते. पुढच्या आठवड्यात दिलीपने फोर्टच्या फुटपाथवरून एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात पुतळ्यांच्या लढाया फासे टाकून कशा खेळायच्या याचे नियम होते. ते आम्ही मराठीत उतरवले, आणि उतरवता उतरवता निम्मे बदलले.

पुतळ्यांचं शिसं काकांनी आणलं. काका गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथे झिजलेले खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, किलोवर मोडीत जात. त्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं, त्यामुळे तो थिजताना आकसत नाही आणि साच्यातली बारीक रेघही उठते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. साचा ओला असेल तर काय होतं ते ठाऊक नव्हतं. आमच्या पहिल्या तीस मावळ्यांना नाकं नाहीत.

दुसऱ्या वर्षी मोहीम ठरली. साल १७३८, मराठे विरुद्ध फिरंगी. खाडीकाठची एक चौकी आम्ही मनानेच कल्पिली. इतिहासात ती नाही, तशी लढाईही नाही. सुट्या लढाया खेळून आम्हाला कंटाळा आला होता. आता एका लढाईत पडलेला पुतळा पुढच्या लढाईत उभा राहणार नव्हता. रस्ता, दाणागोटा, निरोप, सगळं मोजलं जाणार होतं. आणि खाडी असल्यामुळे भरती-ओहोटीही मोजावी लागणार होती. ती कशी मोजतात हे विचारायला मी आमच्याच कारखान्यात बॉयलरवर असलेल्या हिरामणकडे गेले, आणि आमचा तिसरा सेनापती मिळाला.

हिरामण खाडीकाठच्या तळवलीचा. त्याला मी दादा म्हणत असे आणि तो मला कारखान्यात मॅडम, टेबलावर पंच. तो स्वतःच्या हातावर फार खूश असलेला माणूस होता. पहिल्याच रविवारी त्याने दिलीपची पुठ्ठ्याची होडी दोन बोटांत धरून विचारलं, "ही काय, साबणाची डबी हाय का?" पुढच्या रविवारी पांगाऱ्याच्या लाकडाची, बोटभर लांबीची, खरोखर पाण्यात तरंगणारी होडी आणली. मग दर महिन्याला एक दोन. प्रत्येक होडी तो सगळ्यांसमोर बादलीत सोडून दाखवायचा आणि टाळ्यांची वाट बघायचा.

भरतीचं कोष्टक करताना त्याने मला दोन शब्द दिले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जोरात असते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, ओढ मंद असते, तो भांग. मी स्वतः बघायला म्हणून एका अष्टमीला तळवलीच्या बांधावर गेले आणि फुटपट्टी घेऊन चिखलात उतरले. हिरामणची आत्या, गोजराबाई, बांधावर उभी होती.

"काय हारवलं गो तुजं चिखलान?" तिने विचारलं.

"काही नाही. पाणी किती उतरतं ते बघतेय."

"आज भांग हाय. आज नाय उतरत. चार दिसांनी ये, मंग बघ, पार तिकडं जातंय." मग हिरामणकडे वळून, "पगार देतान का रं हिला याचा?"

ही सगळी मोहीम एका गोष्टीवर येऊन ठेपली होती. जो चौकीच्या फाटकातून आपला पुतळा आधी आत घालेल, तो पुढची मोहीम ठरवणार. चौकी पडलीच नाही तर दिलीप ठरवणार. पुढची मोहीम म्हणजे पुढचं दीड वर्ष, त्यामुळे हे काही लहान बक्षीस नव्हतं. दिलीपला रशियातलं बर्फ हवं होतं. टेबलावर पाच किलो मीठ पसरायचं त्याने कधीच ठरवून ठेवलं होतं. काकांना पानिपत. आणि हिरामणला आरमार.

"पुढच्या टायमाला टेबलावर जमीन दोन बोटं," तो सांगायचा. "बाकी सगळं पानी. चाळीस होड्या करतो. गुराब करतो, गलबत करतो, शिडासकट."

"पानिपतातही होड्या चालव की," काका म्हणायचे. "यमुनेला पूर होता."

"हां, आन भाऊंना सांगतो, बसा होडीत, सोडतो पुन्याला."

हसायचा, पण मला माहीत होतं की त्याने गलबताचं लाकूड आणून ठेवलंय. पानिपत झालं किंवा बर्फ झालं, तर त्या अकरा होड्या हॉलच्या कपाटात दीड वर्ष राहणार होत्या, आणि हिरामणही बहुधा यायचा थांबला असता. घोडदळात त्याला काडीचा रस नव्हता.

तर त्या रविवारी मोजणी झाल्यावर माघ वद्य सुरू झाला. एकेक सेनापती कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीजवळ येऊन हुकूम देऊन जात होता. हिरामणची टोळी खाडीच्या पश्चिमेला, काकांची स्वारी उत्तरेला डोंगराआड, दिलीपची चौकी पूर्वेला मधोमध. अमावास्येच्या उधाणाला खाडीत पाणी भरपूर असतं, तेव्हा फिरंग्यांची मोठी जहाजं चौकीपर्यंत वर येणार होती. ती आली की मराठ्यांचा खेळ संपला. म्हणजे अमावास्येच्या आत चौकी घ्यायला हवी होती.

हिरामणचा बेत साधा आणि चांगला होता. तोफा लादलेल्या होड्या ओढ मंद असतानाच पार नेता येतात. त्याने अष्टमीला उतरायचं ठरवलं. त्याच दिवशी उत्तरेकडून काका आले की दिलीप मधे सापडेल. दोन फौजांमध्ये बोलायला मनाई होती. निरोप लिहून पाठवायचा, तोही दहा शब्दांत, आणि तो जासुदाच्या वेगाने पंच पोचवणार. हिरामणने बोटं मोजत लिहिलं :

येत्या भांगात खाडी उतरतो. तुम्ही त्याच दिवशी उत्तरेकडून चौकीवर या.

"दहा," तो म्हणाला. "एक बी जास्त नाय."

काकांना निरोप द्यायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, निरोप वाचला, आणि वाचता वाचता खिशातलं लाल पेन काढलं. 'भांगात' या शब्दातला काना खोडून त्यांनी ग वर एक मात्रा दिली. हे करताना त्यांना आपण काही करतोय असं वाटलं नसावं. आलेल्या लग्नपत्रिकाही ते अशाच वाचत.

"भांग स्त्रीलिंगी," ते पुटपुटले. "भांगेत." मग कागद पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो पंच, काय डोकं आहे बघा या मुलाचं! येत्या भांगेत म्हणजे महाशिवरात्रीला. फिरंग्याला वाटणार, आज मराठे भांग पिऊन पडलेले असणार. तो गाफील. आणि नेमके तेव्हा आपण!"

काका कराडचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी.

मी त्यांचा हुकूम वहीत टिपला. माझ्या समोर आता दोन हुकूम होते. हिरामण अष्टमीला उतरणार होता. काका चतुर्दशीला येणार होते. मधे सहा दिवस.

पंचाने काय करावं याचा मी तो आठवडाभर विचार केला. कोष्टकं करताना मला नेहमी वाटायचं की खऱ्या लढायांत अशी गडबड कितीदा झाली असेल, आणि ती आपल्या फाशांत कुठेच येत नाही. इथे ती आपसूक आली होती. खरा जासूद निरोप देतो आणि घोड्याला पाणी पाजायला जातो. शब्दाचं लिंग समजावत बसत नाही. शिवाय मी काकांना सांगितलं असतं तर दिलीपवर अन्याय झाला असता. त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? एवढं सगळं पटूनही हिरामणचा होडी बादलीत सोडतानाचा चेहरा मला दिसत राहिला.

पुढच्या रविवारी हिरामण उतरला. अकराच्या अकरा होड्या पार झाल्या, एकही वाहून गेली नाही. त्याने चिखलापलीकडच्या एका टेकाडावर बांध धरला, दोन तोफा लावल्या आणि उत्तरेकडे बघू लागला. टेबलाची उत्तरेची कड रिकामी होती.

दिलीपने डोकं खाजवलं. "एकटाच? हिरा, काय गेम आहे?"

"तू ये ना, दाखवतो."

दिलीपला सापळ्याचा वास आला. त्याने निम्मी फौज चौकीतच ठेवली, उत्तरेकडे तोंड करून, आणि निम्मी घेऊन नवमीला टेकाडावर चाल केली. ती चाल त्याला महागात पडली. आमच्या नियमात हल्ला आधी बोलायचा आणि अंतर मग मोजायचं. पायदळाचा हल्ला आठ इंच पोचतो. बोललात आणि अंतर आठाच्या वर निघालं, तर तुकडी उघड्यावर थांबते आणि समोरच्या तोफेला एक बार फुकट मिळतो. दिलीप 'हल्ला' म्हणाला, मी पट्टी लावली, साडेआठ इंच निघाले. हिरामणच्या दोन्ही तोफा उडाल्या. दिलीपचे नऊ पुतळे गेले.

"डोळ्यांचा नंबर वाढलाय तुझा," हिरामण म्हणाला.

"हसून घे. तुझे काका कुठायत? झोपलेत?"

काका टेबलापासून लांब, खिडकीत, कानांत कापूस घालून बसले होते. ज्याची फौज टेबलावर नाही त्याने टेबलाकडे बघायचं नाही, तिथलं ऐकायचं नाही, असा नियम होता आणि ते तो अक्षरशः पाळत. ते मासिक वाचत होते आणि अधूनमधून त्यात काहीतरी दुरुस्त करत होते.

मंगळवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हिरामण माझ्या समोर येऊन बसला.

"मॅडम, काका निघाले का, तेवढंच सांगा."

"आज उसळ बरी आहे."

"नाय निघाले?"

"कांदा जरा कच्चा राहिलाय."

"तुमच्यापेक्षा आमचा फोरमन बरा," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "माज्या हातात दशमीपर्यंत हाय. तोपर्यंत ओढ कमी हाय, होड्या भरून परत जाता येतं. मंग पानी वाढलं की तोफांसकट नाय जमनार. परत गेलो तर होड्या वाचतील, पन चौकी गेली. चौकी गेली म्हंजे मीठ पसरा."

मी जेवत राहिले.

"काका पंचांग बघून पाय टाकनारा मानूस," तो शेवटी म्हणाला. "वाटेत दाना कमी पडला आसंल. येतील." आणि ताट उचलून गेला. त्याच्या पुढच्या हुकमात एकच शब्द होता : थांबतो.

एकादशीची लढाई वाईट झाली. दिलीप या वेळी घाईने आला नाही. तोफा पुढे ओढत आणल्या आणि लांबूनच टेकाड भाजून काढलं. हिरामणची एक तोफ गेली. त्रयोदशीला तर त्याच्याकडे सव्वीस पुतळे उरले. तो प्रत्येक पुतळा काढताना त्याच्याकडे एकदा बघायचा आणि मग खोक्यात निजवायचा. थट्टाही कमी झाली. दिलीपची बायको सुचित्रा हॉलच्या दारात येऊन म्हणाली, "संपली का लढाई? जाळी लावा, मुलं खोळंबलीयेत," तर दिलीपच म्हणाला, "थांब गं, एक माणूस मरतोय."

त्या दिवशी लढाई संपताना दिलीपने एक निर्णय घेतला. तो कोपऱ्यात येऊन मला म्हणाला, "पंच, मला कळलंय. त्या दोघांचं भांडण झालंय. म्हातारा पानिपतासाठी याला मुद्दाम मरू देतोय. तो काही येत नाही." आणि त्याने चौकीत राखून ठेवलेले सगळे बाहेर काढले. उद्या एकदाच काय ते टेकाड संपवायचं. चौकीत त्याने फाटकाच्या बुरुजावर एक तोफ आणि तिचे दोन गोलंदाज ठेवले, बस्स.

मी हुकूम लिहून घेतला. 

पुढचा रविवार म्हणजे चतुर्दशी. मी खिडकीशी जाऊन काकांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी कापूस काढल्यावर म्हटलं, "काका, या." त्यांनी मासिक मिटलं, खोकं उचललं आणि टेबलाच्या उत्तरेच्या कडेला अडुसष्ट पुतळे एकही न पाडता उभे केले.

दिलीप उभाच राहिला. "हे कुठून आले? यांचं तर भांडण झालं होतं ना?"

"कोणाचं भांडण?" काका म्हणाले. मग त्यांची नजर टेकाडावर गेली. सव्वीस पुतळे. त्यांनी ते मोजले, पुन्हा मोजले. "हिरामण, अरे, आजच उतरलास ना तू? एवढी माणसं कुठे गेली?"

हिरामणने तोंड उघडलं. मी म्हटलं, "निशाणं सहा इंचांत आल्याशिवाय सेनापतींनी बोलायचं नाही."

मग काही बोलणं झालं नाही, फक्त फासे. दिलीपने अर्धी फळी उत्तरेकडे वळवली, काकांचं घोडदळ तिच्यावर पडलं. दिलीपने आणखी एक तुकडी फिरवली. टेकाडावरचा दाब कमी झाला तसा हिरामण बांध सोडून इंच इंच पुढे सरकला. लढाई दहा फेऱ्यांची असते, दहाव्या फेरीला सूर्य मावळतो. त्यानंतर अमावास्या, उधाण आणि जहाजं. नवव्या फेरीत काकांनी आपलं निशाण मुद्दाम वाकडी वाट करून टेकाडाखाली आणलं. मी पट्टी लावली. पाच इंच.

"बोला," मी म्हटलं.

"काका, सहा दिवस कुठं होता तुमी?" हिरामण जवळजवळ ओरडला. "सहा दिवस! माजी निम्मी मानसं गेली वर!"

"मी? तूच तर लिहिलंस, शिवरात्रीला ये म्हणून!"

"मी कुठं लिवलं शिवरात्र?"

काकांनी खिशातून निरोप काढला, घडी उघडली आणि टेबलावर ठेवला. "हे काय. येत्या भांगेत."

हिरामण वाकला. "ही लाल मात्रा कोनी दिली?"

"मी दिली. तू भांगात लिहिलं होतंस. मला वाटलं तुमच्या बोलीत तसं म्हणत असतील."

"काका, भांगात! भांगात म्हंजे पानी मंद असतं तेवा! अष्टमीला!"

"मग अष्टमी लिहायचं ना!"

"अष्टमीचं पानी कोन बोलतं? भांगच बोलतात. आमी काय भांग पिऊन होड्या चालवतो?"

दिलीप आधी खुर्चीवर बसला, मग हसायला लागला, मग त्याला ठसका लागला. "म्हणजे मी... मी सहा दिवस सापळा शोधतोय... आणि सापळा लाल पेनाचा!"

काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. एकोणतीस वर्षं ते लोकांच्या चुका काढत आले होते, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना कधी चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. "पुल्लिंगी आहे होय," ते शेवटी म्हणाले. "शब्द पुल्लिंगी आहे. चूक माझी." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "पंच, आता चाल कोणाची?"

"तुमची. दहावी फेरी."

आम्ही सगळेच टेबलाकडे नीट बघू लागलो. दिलीपची माणसं उत्तर आणि पश्चिम अशी फाकली होती. फाटक उघडं पडलं होतं. काकांचे उरलेले चौदा घोडेस्वार फाटकापासून हातभरही लांब नव्हते, आणि घोडदळाचा हल्ला बारा इंच पोचतो. डोळ्यांनीच दिसत होतं की ते दहाच्या आत आहेत. दुसऱ्या बाजूने दिलीपची एक मोठी तुकडी परत फाटकाकडे धावत होती; पुढच्या चालीत ती फाटकात उभी राहिली असती.

दिलीपने सुस्कारा सोडला. "संपलं. पानिपत."

काकांनी घोडेस्वार उचलले आणि फाटकाकडे न नेता त्या धावणाऱ्या तुकडीच्या आडवे घातले.

"काका!" दिलीप ओरडला. "अहो फाटक उघडंय! दिसतंय का? वाचा जरा नीट!"

"नीटच वाचतोय," काका म्हणाले. "आता नीटच वाचतोय. फासे टाक."

दिलीपने फासे टाकले. चौदातले आठ स्वार पडले, पण तुकडी जागच्या जागी अडली. मग हिरामणची चाल. दिवसाची शेवटची.

त्याच्याकडे एकवीस पुतळे उरले होते. ते फाटकासमोरच्या भाताच्या खाचरात उभे होते, आणि समोर बुरुजावरची ती एक तोफ भरलेली होती. अंतर आठ इंचांच्या आत असलं तर तोफ उडायच्या आत ते फाटकात. नसलं तर तोफ, आणि सूर्यास्त. खाचरातून फाटकापर्यंत मधे कुठेही घर नाही, बांध नाही, नजरेला टेकायला काही नाही. हिरामण गुडघ्यांवर बसला. त्याने हनुवटी टेबलाच्या कडेवर ठेवली आणि एक डोळा मिटला. बराच वेळ तसाच राहिला.

"साडेआठ," दिलीप म्हणाला. "लिहून देतो. तो अर्धा इंच मला पाठ झालाय."

"गप रे तू," काका म्हणाले.

"थांबलास तर निदान पुतळे वाचतील."

"पुतळे वाचवून करू काय," हिरामण म्हणाला, "मिठात पुरू?" तो उठून उभा राहिला, हात पँटला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हल्ला."

मी दिलीपची पोलादी पट्टी घेतली. तिच्यावर इंचाचे आठ भाग होते; त्यांना आम्ही सुतारांसारखं सूत म्हणायचो. पट्टीचं शून्य सगळ्यात पुढच्या पुतळ्याच्या पायाला लावलं आणि ती सरळ फाटकाच्या उंबऱ्यापर्यंत आडवी ठेवली. तिघंही वाकले. पट्टी हलू नये म्हणून काकांनी तिच्या मधोमध एक बोट ठेवलं. मी आकडा दोनदा वाचला आणि मोठ्याने सांगितला.

सात इंच, सहा सूत.